मीटर माझ्याकडे होतं

दिल्लीला लागून असलेल्या इंदिरापुरमचं आमचं घर नवव्या मजल्यावर होतं आणि वीज गेली की सोसायटीच्या जनरेटरवर त्यात दोन पंखे, दोन ट्यूब आणि आणखी एकच काहीतरी चालायचं. हे बिल्डरने कुठे लिहून दिलं नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात एकेक बटण दाबून, खटका पडला की पुन्हा खाली जाऊन गार्डकडून तो वर करून घेऊन, मी ते शोधून काढलं आणि फ्रिजवर कागद चिकटवला: काय चालतं, काय नाही, काय कशाबरोबर चालत नाही. कॉम्प्युटर चालत होता. मिक्सर चालत होता. दोन्ही एकत्र चालत नव्हते. त्यामुळे रविवारी दुपारी तीन ते सहा या वेळात, जेव्हा वीज हमखास गेलेली असायची, आई स्वयंपाकघरातून हाक मारून विचारायची, "अनघा, दोन मिनिटं मिक्सर लावू का? कूट संपलंय." आणि मी हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवून सांगायची, "आई, सात मिनिटं थांब, आत्ता सगळे मरतील." आई थांबायची. सगळे मरायचे. मग नवव्या मजल्यावर दाण्याचं कूट व्हायचं आणि गिल्डमधले चोवीस लोक माझी वाट बघत बसायचे.

त्याआधी आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. तिथे दारात कडुनिंब होता, मागच्या गल्लीत आणखी तीन मराठी घरं होती आणि पाणी नळाला यायचं. इंदिरापुरमला आमच्यासमोर अर्धवट उभे असलेले चार टॉवर होते, त्यांच्यावर हिरवी जाळी, आणि पाणी टँकरने यायचं. पण घर स्वतःचं होतं. बाबा पाहुण्यांना बाल्कनीत नेऊन, "तिकडे मॉल होणार, तिकडून मेट्रो येणार," असं हात लांब करून दाखवायचे, जणू दोन्हींची परवानगी त्यांनीच दिली आहे. आजूबाजूच्या फ्लॅटमध्ये दिवसभर संगमरवर कापायचं यंत्र चालायचं. तो घर्र आवाज माझ्या माइकमधून सगळ्यांना ऐकू जायचा. शाहदऱ्याचा बिट्टू दर रविवारी विचारायचा, "ओये लिस्टवाली, तेरा ताजमहल कब तक बनेगा?"

लिस्टवाली म्हणजे मी. माझ्याकडे यादी होती म्हणून. आता हे सगळं काय होतं ते सांगायला हवं, कारण माझ्या मुलीलाही मी हे दोनदा समजावलं आहे आणि दोन्ही वेळा ती म्हणाली की तू आणि गेम, हे डोळ्यांसमोरच येत नाही.

तो इंटरनेटवर खेळायचा खेळ होता. प्रत्येकाचं त्यात एक पात्र असायचं. कोणी ढाल घेऊन मार खायचा, कोणी तलवार चालवायचा, कोणी बाण मारायचा, आणि काहीजण बाकीच्यांच्या जखमा भरून काढायचे. मी जखमा भरणारी. खेळाच्या शेवटी शेवटी असे राक्षस होते की त्यांना मारायला पंचवीस लोक एकाच वेळी, एका सुरात लढायला लागायचे. त्या लढाईला सगळे रेड म्हणायचे. एकाची चूक झाली की पंचवीस जण मरायचे आणि पहिल्यापासून सुरुवात. आमचा सर्व्हर ऑस्ट्रेलियाकडचा होता, तिथली रात्र म्हणजे आमची दुपार, म्हणून आम्ही रविवारी दुपारी खेळायचो. आईला ते बरं वाटायचं. तिने अट घातली होती, पहिले चार रविवार हेडफोन लावायचा नाही, स्पीकर लावायचा, आणि दार उघडं. मटार सोलत ती सोफ्यावर बसून ऐकायची. पाचव्या रविवारी म्हणाली, "लाव हेडफोन. बरी मुलं आहेत. तो बिट्टू जरा वाह्यात आहे, पण जेवला का म्हणून विचारतो सगळ्यांना."

आमच्या गिल्डचं, म्हणजे कायमच्या गटाचं, नाव होतं जमना पार, दिल्लीत यमुनेपलीकडच्या भागाला म्हणतात तसं. चाळीसेक जण होते, त्यातले पंचवीस रविवारी. पुढारी नीरज, मुनिरकाला एका खोलीत राहून पीएच.डी. करणारा. त्याच्या खोलीत खिडकी नव्हती असं तो सांगायचा आणि त्याचा आवाजही तसाच होता, बंद खोलीतून आल्यासारखा, पण स्वच्छ. तो कधी ओरडायचा नाही. आणि पानिपतचे चाचा. त्यांचं नाव दर्शनलाल, हातमागाच्या चादरी-पडद्यांचं दुकान, वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे. मुलगा कॅनडाला गेला तेव्हा तो आपलं पात्र आणि कॉम्प्युटर दोन्ही वडिलांकडे ठेवून गेला. चाचांनी दुकानाच्या मागच्या खोलीत तो कॉम्प्युटर लावला आणि मुलाशी बोलता यावं म्हणून खेळ शिकले. मुलाने नोकरी लागल्यावर खेळ सोडला, चाचांनी सोडला नाही. ते बोलायला लागले की मागून शेजारच्या कारखान्यातल्या यंत्रमागांचा खटाखट आवाज यायचा. त्यांचं पात्र तिरंदाज होतं. दर रविवारी लॉगिन झाल्यावर त्यांचं पहिलं वाक्य, "सबको राम राम, भाभीजी को नमस्ते." भाभीजी म्हणजे माझी आई. मी तो नमस्कार स्वयंपाकघरात पोचवायची आणि तीही आतून "नमस्ते भाईसाब" म्हणायची, त्यांना ऐकू जात नाही हे माहीत असून.

आता मीटर. खेळाला जोडायचा तो एक छोटा प्रोग्राम होता. लढाईत कोणी राक्षसाला किती मारलं, कोणी किती जखमा भरल्या, हे तो मोजायचा आणि लढाई संपली की क्रमवारी दाखवायचा. सुरुवातीला ज्याला हवं तो आपल्या कॉम्प्युटरवर मीटर लावायचा. त्यातून भांडणं व्हायची. बिट्टूच्या मीटरवर बिट्टू तिसरा, नीरजच्या मीटरवर बिट्टू सातवा. प्रत्येकजण आपलाच आकडा खरा म्हणायचा. तीन रविवार त्यातच गेले. शेवटी नीरज म्हणाला, "एक ही मीटर चलेगा. अनघा का. उसका नेट ठीक है, उसके यहाँ बैकअप है, और वो लिखती है." बास, प्रश्न मिटला. एकाच घटनेचे पंचवीस वेगळे आकडे का येतात, हे आमच्यापैकी कोणीही विचारलं नाही. भांडण मिटलं म्हणजे उत्तर सापडलं असं आम्ही धरून चाललो. ही चूक मी पुढे नोकरीत मोठमोठ्या लोकांना मोठमोठ्या खोल्यांमध्ये करताना पाहिली आहे, त्यामुळे आता तिची फार लाज वाटत नाही.

यादी मात्र मी सुंदर ठेवायची. दर रविवारी रात्रीच्या जेवणाआधी गिल्डच्या पानावर टाकायची. आधी मारणारे, मग जखमा भरणारे, प्रत्येक राक्षसाचा वेगळा तक्ता, मागच्या आठवड्यापेक्षा वर की खाली. शिवाय एका लांब वहीत हाताने. बाबा केंद्र सरकारच्या आकडेवारीच्या खात्यात होते. त्यांनीच मला वहीत रकाने आखायला शिकवलं. रकाना हा शब्दही त्यांचाच, माझ्या दिल्लीच्या मराठीत त्याला कॉलमच म्हणत. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीच्या यादीवर पंचवीस माणसं, त्यात नोकरदार, दुकानदार, संशोधक, रविवारची संध्याकाळ डोळे लावून बसायची. मला ते आवडायचं. आणि जखमा भरणाऱ्या सातजणांत मी सलग तीन महिने पहिली होते, हेही मला आवडायचं. उगाच नाकारण्यात अर्थ नाही.

त्या हिवाळ्यात आम्ही शेवटच्या राक्षसापाशी अडकलो. त्याच्या हातात घण होता म्हणून आम्ही त्याला लोहार म्हणायचो. लोहार एका प्रचंड दालनाच्या मध्यभागी, आणि दालनाच्या दुसऱ्या टोकाला एक दगडी पूल. दर मिनिटाला त्या पुलावरून काळ्या लांडग्यांची टोळी यायची. ते जखमा भरणाऱ्यांपर्यंत पोहोचले की सगळं संपलं. म्हणून एका तिरंदाजाने लढाईभर एकट्याने पुलावर उभं राहायचं आणि लांडगे तिथेच संपवायचे. कंटाळवाणं काम. लोहार दिसतसुद्धा नाही तिथून. चाचा म्हणाले, "मैं चला जाता हूँ, मुझे तो दुकान पे भी अकेले बैठने की आदत है."

पहिल्या रविवारी माझ्या यादीत चाचा मारणाऱ्या सतरांत सतरावे आले. दुसऱ्या रविवारी सतरावे. तिसऱ्या, चौथ्या. आकडाही असा की बघवत नव्हता, सोळाव्याच्या निम्मासुद्धा नाही. लांडगे मारल्याचे आकडेही मीटर मोजतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कामच वेगळं आहे अशी सबब चालणार नव्हती. लोहार दर वेळी थोडक्यात उरायचा आणि आम्ही मरायचो. थोडा मारा आणखी हवा होता. तो कुठे कमी पडतो ते यादीत स्वच्छ दिसत होतं.

नीरजने मला वेगळं बोलावलं. "तुम बताओ, अनघा. नंबर तुम्हारे हैं."

मी म्हणाले, "चाचा नीचे हैं. चार हफ्ते से."

"एक गुड़गाँव का लड़का है, समीर. कॉल सेंटर में है, संडे ऑफ. तेज़ है."

"तो ट्राय कर लो," मी म्हणाले. एवढंच म्हणाले. हे वाक्य मी वहीत लिहिलं नाही, पण ते मला वहीतल्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त लक्षात आहे.

चाचांना नीरजनेच सांगितलं, सगळ्यांसमोर, नीट शब्दांत. मागे यंत्रमाग चालू होते. चाचा म्हणाले, "ओ कोई गल नहीं. नए लड़के हैं, खेलने दो. मैं बाहर से सुन लूँगा." आणि खरंच पुढचे दोन रविवार ते आवाजाच्या खोलीत, म्हणजे आम्ही लढताना एकमेकांशी बोलायचो त्या चॅनेलवर, नुसते ऐकत बसले. आईने विचारलं, "आज चाचा नाही बोलले?" मी म्हटलं, "ते आज खेळत नाहीयेत." आई ताट वाढताना ताकात मीठ घालायला विसरली, आणि ती कधी विसरायची नाही.

समीर पुलावर गेला. इतर राक्षसांवर तो सरळ दुसरा-तिसरा यायचा, खरोखर तेज मुलगा. लोहाराच्या लढाईत मात्र माझ्या यादीत तो सतरावा आला. बिट्टू पेटलाच. "अबे गुड़गाँव, पुल पे सेल लगी थी क्या? शॉपिंग करने गया था?" समीर चिडला. पुढच्या रविवारी त्याने काय केलं, तर लांडग्यांची एक टोळी मारायची आणि पुढची यायच्या आत धावत दालनात येऊन लोहारावर बाण मारून आपला आकडा वाढवायचा. दोनदा तो वेळेत परत गेला. तिसऱ्यांदा नाही. लांडगे थेट माझ्या अंगावर आले. त्या दुपारी आम्ही आठ वेळा मेलो. आईचं आठवडाभराचं कूट, खोबऱ्याची चटणी आणि इडलीचं पीठ असं सगळं वाटून झालं.

यादी लिहायला बसले आणि पेन थांबलं. समीर इतरत्र दुसरा, पुलावर शेवटचा. वहीची पानं मागे उलटली. चाचा इतरत्र कधी सहावे, कधी आठवे. पुलावर शेवटचे. दोन माणसं, एक वयाने दुसऱ्याच्या दुप्पट, दोघेही त्या एका जागी गेले की निकामी होत होते. बाबा शेजारी सोमवारचे बूट पॉलिश करत बसले होते. मी त्यांना वही दाखवली. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, पण रकाने कळायचे. त्यांनी चष्मा वर केला.

"हे आकडे कोण घेतं?"

"मी. म्हणजे माझं मीटर."

"तू कुठे असतेस?"

"मध्ये. राक्षसापाशी."

"आणि हा पूल?"

"लांब. अगदी दुसऱ्या टोकाला."

बाबांनी बूट खाली ठेवला. "मी फिल्डवर होतो तेव्हा पीक मोजायला गावोगावी माणसं पाठवायचो. चिठ्ठी टाकून शेत निवडायचं, दोरी लावून चौकोन आखायचा, तेवढंच कापून वजन करायचं. एका माणसाचे आकडे दर वर्षी चांगले. पाऊस नसला तरी चांगले. मी जाऊन पाहिलं, तर याची सगळी शेतं डांबरी रस्त्याला लागून. आतल्या शेतांपर्यंत चालायचा कंटाळा. लबाड नव्हता हं तो. त्याने जे मोजलं ते बरोबरच मोजलं होतं." त्यांनी पुन्हा ब्रश उचलला. "तुझं मीटर चालत जातं का पुलापर्यंत?"

बुधवारी कॉलेजमधून आल्या आल्या मी पानिपतला दुकानाच्या फोनवर फोन केला. "चाचा, दहा मिनट के लिए ऑनलाइन आएँगे? एक चीज़ नापनी है." त्यांनी गिऱ्हाइकाला "जरा बैठो जी" म्हटलेलं मला ऐकू आलं. खेळातल्या मोकळ्या मैदानात सरावासाठी एक लाकडी पुतळा होता. मी चाचांना म्हटलं, तुम्ही त्याला बाण मारत राहा, थांबू नका. मी वही मांडीवर घेतली आणि माझं पात्र पुतळ्यापासून एकेक पाऊल मागे नेत गेले. दहा पावलं, मीटरवर सगळे बाण. वीस पावलं, सगळे. तीस, सगळे. चाळीसला एखाददुसरा गळायला लागला. पन्नासला मीटर गप्प. पडद्यावर लांब चाचांचं पात्र हात वर-खाली करताना दिसत होतं, आणि माझ्या मीटरवर शून्य.

"चाचा, मार रहे हैं ना?"

"मार रहा हूँ पुत्तर. बाँह दुख गई. आया कुछ?"

मीटर फक्त त्याच्या मालकाच्या आसपासचं ऐकत होतं. पन्नास पावलांपलीकडे काय चाललंय हे त्याला कळतच नव्हतं, आणि कळत नाही असं न म्हणता ते शून्य लिहीत होतं. मी चाचांना सावकाश सांगितलं. पुलावर तुम्ही जे केलं ते माझ्यापर्यंत पोहोचलंच नाही, मीटरची चूक होती, माझी चूक होती.

त्यांनी गिऱ्हाइकाला आणखी थोडं थांबायला सांगितलं.

"मतलब," चाचा म्हणाले, "मैं ठीक खेल रहा था?"

"हाँ चाचा."

"मैं तो जाके चश्मा बदलवा आया." ते हसले, पण नीट हसता आलं नाही त्यांना. "सोचा नज़र गई. बेटे को भी फोन पे बोल दिया कि बस अब उमर हो गई, मशीन किसी को दे देता हूँ. मतलब ठीक था मैं?"

मी पुन्हा हो म्हटलं. त्यांना ते तिसऱ्यांदा ऐकायचं होतं, आणि मी तिसऱ्यांदाही म्हटलं.

आता रविवार यायला तीन दिवस होते आणि माझ्यासमोर दोन रस्ते होते. एक सोपा. नीरजला म्हणायचं, समीर पुलावर टिकत नाही, चाचांना परत घेऊ. आणि यापुढे मोजायला आणखी दोघांची मीटरं लावू, अधिक अचूक होईल म्हणून. कोणालाही काही कळलं नसतं. आणि लपवण्यासारखं होतं, कारण मीटर जसं चाचांना ऐकत नव्हतं, तसंच दालनात लांब उभ्या असलेल्या इतर जखमा भरणाऱ्यांनाही अर्धवट ऐकत होतं. एकच व्यक्ती अशी होती जी मीटरपासून कधीही, एक पाऊलसुद्धा, लांब जात नव्हती. तीन महिने पहिली आलेली मी. बिट्टू आणि नीरजने आपापली मीटरं कधी बंद केली नव्हती, आणि बिट्टू ढाल घेऊन पुलाच्या बाजूला असायचा; गुरुवारी रात्री त्या दोघांकडे शिल्लक राहिलेल्या जुन्या नोंदी मागवून घेतल्या, माझ्या नोंदींना जोडल्या, दुहेरी आलेलं काढलं आणि पुन्हा बेरजा केल्या. मी सातांत पाचवी होते. शुक्रवारी पुन्हा बेरीज केली. पाचवीच.

आई कणीक मळत होती. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग अडलंय कुठे? सांगून टाक."

"सगळ्यांसमोर?"

"त्यांना काढलं कोणासमोर होतं?"

रविवारी पावणेतीनला सगळे जमले. मी नीरजला म्हटलं, पाच मिनिटं मला दे. वहीतून वाचायचं ठरवलं होतं, कारण वाचताना माझा आवाज कापत नाही. वाचलं. मीटर पन्नास पावलांपलीकडचं मोजत नाही. बुधवारी मोजून पाहिलं आहे, चाचा साक्षीला आहेत. म्हणून तीन महिन्यांच्या सगळ्या याद्या चुकीच्या आहेत. त्या याद्यांवरून आपण तिघांना काढलं, चाचांना आणि त्यांच्याआधी आणखी दोघांना. चाचा पुलावर सतरावे नव्हते. बिट्टू आणि नीरजच्या नोंदी जोडल्यावर ते सहावे येतात. मग जखमा भरणाऱ्यांची नवी यादी वाचली, पहिल्या नावापासून. पाचव्या क्रमांकावर माझं नाव आलं तेव्हा थांबले नाही, सहावं आणि सातवंही वाचलं, मग वही मिटली.

पहिला माइक बिट्टूचा उघडला. 

"एक मिनट," बिट्टू म्हणाला. "मतलब तू तीन महीने से इसलिए टॉप थी कि तू अपने सबसे पास खड़ी थी?"

"हाँ."

"वाह. ऐसे तो मैं भी अपने घर का टॉपर हूँ." दोन-तीन जण हसले. 

"मैं बोल रहा था ना यार!" समीर ओरडला. "पुल पे कुछ गड़बड़ है, मैं बोल रहा था!"

"तूने बोला था भूत है," बिट्टू म्हणाला.

नीरज त्या बंद खोलीतल्या आवाजात म्हणाला, "तीन लोग निकाले मैंने, अनघा."

"मी," असं माझ्या तोंडून मराठीतच निघालं. मग हिंदीत म्हटलं, "नंबर मेरे थे. दोनों को मैंने आज सुबह लिख दिया है." त्या दोघांपैकी एकजण पुढच्या महिन्यात परत आला. फरीदाबादच्या दुसऱ्याने उत्तर दिलं नाही. त्याला मी दोनदा पत्र पाठवलं. ते अजूनही माझ्या न झालेल्या कामांत मोडतं.

"चाचा," नीरज म्हणाला, "सॉरी. मुझे एक बार पुल पे जाके देखना चाहिए था."

"छड्ड यार," चाचा म्हणाले. "तीन बजने को आए. ये बता, पुल पे कौन जा रहा है?"

"आप जाएँगे?"

"तो और कौन जाएगा, ये गुड़गाँव वाला? ये तो आधे रास्ते से भाग आता है."

"चाचा, इस बार मैं लोहार पे हूँ," समीर म्हणाला. "आप बस कुत्ते रोक लो."

"कुत्ते नहीं हैं, भेड़िये हैं. चार हफ्ते रोके हैं मैंने, मुझसे पूछ."

मी मोजण्याची नवी पद्धत सांगितली. तीन मीटरं. एक माझं मध्ये, एक नीरजचं डाव्या भिंतीपाशी, तिसरं पुलाच्या अलीकडच्या टोकाला बिट्टूचं, कारण त्याचं पात्र ढाल घेऊन तिथवर जाऊ शकत होतं. चाचांच्या कॉम्प्युटरला मीटर झेपत नव्हतं, म्हणूनच त्यांना स्वतःचा आकडा कधी दिसला नव्हता. लढाई संपल्यावर तिन्ही नोंदी मी जोडणार. हे सांगताना माझा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला होता. पुढे नोकरीत माणसांच्या कामाचं मोजमाप करणं हाच माझा विषय झाला, आणि कोणी मला तक्ता दाखवला की मी आकड्यांच्या आधी विचारते, हे भरलं तेव्हा भरणारा कुठे बसला होता? लोकांना वाटतं मी खोड काढते आहे.

पहिल्या खेपेला आम्ही मेलो. दुसऱ्या खेपेला लोहार अगदी शेवटच्या घावाला उरला आणि मेलो. तिसऱ्या खेपेला पुलावरून एकही लांडगा आला नाही. तो न येणं मी पहिल्यांदाच पाहत होते. इतके रविवार तो येत नव्हता तेव्हा मला ते दिसलंच नव्हतं. दर मिनिटाला मी पुलाकडे एक नजर टाकायची आणि तिकडून फक्त चाचांचा आवाज यायचा, "साफ." पुन्हा मिनिटभराने, "साफ." समीर लोहारावर तुटून पडला होता. माझ्या आजवरच्या सगळ्यात स्वच्छ जखमा मी त्या दुपारी भरल्या, क्रमांकाचा विचार न करता. लोहाराचा घण हातातून सुटला, तो गुडघ्यावर आला आणि कोसळला, तेव्हा हेडफोनमध्ये दालनातले सगळे एकदम ओरडले. मीही ओरडले. आई कणकेचे हात तसेच घेऊन धावत आली.

"काय झालं? कोण पडलं?"

"लोहार पडला आई!"

"अगंबाई. लागलं का त्याला?"

माझा माइक चालू होता. बिट्टूला मराठी कळत नव्हती, पण तो म्हणाला, "आंटी ने जो भी बोला, सही बोला." आणि चाचा पुलावरूनच विचारत होते, "गिर गया? सच में गिर गया? मुझे यहाँ से दिखता नहीं, कोई बताओ तो सही." सगळ्यांनी त्यांना पुलावरून आत बोलावलं. त्यांचं पात्र धावत आलं, लोहाराच्या अंगाभोवती एक फेरी मारली आणि मध्यभागी उभं राहिलं. मग ते म्हणाले, थांबा, मुलाला फोन लावतो, तिकडे सकाळ व्हायचीय पण उठवतो त्याला.

नीरजने विचारलं, "लिस्ट अब कौन लिखेगा?" त्याने टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं. तीन महिने चुकलेल्या माणसाकडे वही ठेवायची की नाही, हा प्रश्न रास्तच होता.

"यही लिखेगी," चाचा फोन कानाला लावूनच म्हणाले. "जो खुद को पाँचवें पे लिख सकती है, उससे लिखवाओ."

बाहेर समोरच्या टॉवरवर ऊन उतरणीला लागलं होतं. मी तिन्ही नोंदी जोडल्या, दुहेरी आलेलं काढलं, दोनदा बेरीज केली. त्या दिवसापासून गिल्ड बंद होईपर्यंत मी जितक्या याद्या लिहिल्या, त्यांच्या पहिल्या ओळीत कोणाचंही नाव नसायचं. मोजणारे तिघं कुठे कुठे उभे होते, ते तिथे लिहिलेलं असायचं. त्याखाली क्रमवारी. त्या रविवारी चाचा चौथे आले. मी सहावी.